आधी पार्किंगमधला प्लग पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

पाडव्याला गाडी घ्यायचा बेत असेल आणि या वेळी इलेक्ट्रिकच घेऊ, असं घरात ठरत असेल, तर शोरूमला जाण्याआधी एकदा आपल्याच पार्किंगमध्ये उतरा. मला आज एवढंच सांगायचंय. ही गाडी स्वस्त पडणार की महाग, ते तिथेच ठरतं.

आठ-नऊ लाखांच्या टप्प्यातल्या टियागोसारख्या गाडीला खास काही लागत नाही. गिझरला असतो तसा पंधरा अँपिअरचा सॉकेट पुरतो. रात्री जेवणं उरकून लावली, की सकाळी डब्याच्या वेळेला गाडी भरलेली. पण त्या सॉकेटला अर्थिंग नीट हवं. आपल्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका जुन्या सोसायटीत पाहिलं, नव्या गाडीची वायर लावली की चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागायचा. गाडीत खोट नव्हती. सॉकेटच्या मागची हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर कुठे जोडलेलीच नव्हती! चांगला वायरमन बोलावून हे आधीच तपासून घ्या, आणि घरच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत जाड केबल ओढून घ्या. सोसायटीचे चेअरमन कुरकुरले तर त्यांना शांतपणे सांगा, आपल्याच मीटरवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची मुभा आहे.

आता खर्चाचं. शहरात शंभर किलोमीटरला बारा ते पंधरा युनिट लागतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपुढचा दर बराच चढा असतो, म्हणून हिशेब त्या वरच्या दरानेच करा. तरीसुद्धा पेट्रोलच्या निम्म्याहून खूप खाली राहतो. मात्र घरी चार्जिंगची सोय नसेल आणि रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर जायचं असेल, तर ही बचत बरीचशी तिथेच जाते. अशांनी थोडं थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेत गाडीची किंमत कमी दिसते, पण दर किलोमीटरचं भाडं त्यात धरायला विसरू नका.

रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते त्याचा आकडा कंपनीचा असतो, रस्ता आपला असतो. चोवीस युनिटांच्या बॅटरीवर दीडशे ते दोनशे किलोमीटर धरून चाला. त्र्यंबकला जाऊन या, वणीच्या गडावर जाऊन या, काळजी नाही. मुंबईचं मात्र वेगळं. जाताना कसारा घाट उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत बॅटरीत येते. येताना तोच घाट चढायचा असतो, एसी चालू, गाडीत पाच माणसं. वाटेत एकदा चहाबरोबर चार्जिंग करायचं, हे धरूनच निघा. इगतपुरीहून समृद्धीला लागलात तर इलेक्ट्रिक मोटारीला टोल माफ आहे, पण एकशेवीसचा वेग धरलात की रेंज झपाट्याने उतरते. नव्वदच्या आत राहा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. कॉमेटसारख्या दोन दारांच्या गाडीत आजींना मागे बसवणं अवघड, हे त्यांना नेल्यावरच कळतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी खाली असल्याने मागची जमीन जराशी वर येते आणि गुडघे उचलले जातात. आजींना मागच्या सीटवर बसवा, गंगापूर रोडला सोमेश्वरपर्यंत जाऊन या, आणि उतरल्यावर गुडघ्यांचं विचारा.