शेवटची पाळी कधी आली होती?

ही पट्टी बघा. पारदर्शक, साध्या चिकटपट्टीसारखी. पोटाच्या खालच्या बाजूला लावायची आणि तीन-चार दिवसांनी बदलायची, बस. आत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन असतं, ते त्वचेतून हळूहळू रक्तात उतरतं. पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, त्यासाठी बायका ही पट्टी कितीतरी वर्षं वापरतायत. पण हीच पट्टी स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं असा मानसिक आजार) असलेल्या बाईला लावून बघू, असं म्हणायला जरा डेअरिंग लागतं.

मेलबर्नमधल्या एका सायकियाट्रिस्टने ते केलं. प्रोफेसर जयश्री कुलकर्णी, मोनॅश युनिव्हर्सिटी आणि आल्फ्रेड हॉस्पिटल. (आडनाव ऐकून लगेच कॉलर ताठ करू नका, कुलकर्णी कर्नाटकातही ढीगभर आहेत, आणि ही सगळी गोष्ट घडली ऑस्ट्रेलियात.)

डॉक्टरांना एक कोडं आधीपासून माहीत होतं. जर्मनीत मॅनहाइमला हाफनर नावाच्या सायकियाट्रिस्टच्या टीमने मोजून दाखवलं होतं की स्किझोफ्रेनिया बायकांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण तीन-चार वर्षं उशिरा सुरू होतो, आणि मग चाळिशीच्या शेवटी, पन्नाशीच्या आसपास बायकांमध्ये नव्या केसेस पुन्हा वाढतात, पुरुषांमध्ये तसं होत नाही. म्हणजे इस्ट्रोजेन भरपूर आहे तोवर काहीतरी राखण चालू असते आणि ते ओसरलं की कुंपण मोडतं, असा अंदाज. टोरोंटोच्या मेरी सीमन यांनीही ही बाजू वर्षानुवर्षं लावून धरली.

आता मेंदूत काय होतं ते थोडक्यात. स्किझोफ्रेनियावरच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे अँटीसायकोटिक, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर दाबतात. इस्ट्रोजेन अंडाशयातून येतं खरं, पण ते तिथेच थांबत नाही, मेंदूत जाऊन डोपामिन आणि सेरोटोनिन या दोन्ही रसायनांच्या कारभारात हात घालतं. पाळीच्या आधी ते घसरतं, बाळंतपणानंतर तर काही दिवसांत धाडकन खाली येतं, आणि पाळी जायच्या वयात वर-खाली वर-खाली नुसता गोंधळ.

माझ्या मावशीची जुनी फाईल आमच्या कपाटात आहे, या व्हिडिओसाठी मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. झोप, भूक, वजन, बीपी, कुठली गोळी किती, सगळं आहे. पाळीची तारीख एकाही पानावर नाही. मावशी आईला म्हणायची, "पाळी जवळ आली ना, की डोक्यातला गलका वाढतो गं." आईने ते एकदा डॉक्टरांना सांगितलंही, तर ते म्हणाले गोळ्या वेळेवर घेतात ना, आणि विषय संपला.

कुलकर्णींनी हाच विषय पीएचडीला घेतला आणि मग ट्रायल्सना हात घातला. 2008 साली छापून आलेल्या ट्रायलमध्ये 102 बायका होत्या, नेहमीची औषधं चालूच, वरून काहींना 100 मायक्रोग्रॅमची खरी पट्टी आणि बाकीच्यांना औषध नसलेली नुसतीच पट्टी, म्हणजे प्लासिबो. 28 दिवस. खऱ्या पट्टीवाल्यांचे भास आणि संशय जास्त कमी झाले. मग 2015 मध्ये 183 बायका, आठ आठवडे, यावेळी 200 मायक्रोग्रॅमचाही गट, आणि त्यात फरक अजून ठळक दिसला. या 183 जणी अशा, ज्यांना आधीच्या औषधांनी पुरेसा आराम पडला नव्हता.

पण इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं असं देत राहता येत नाही, स्तन आणि गर्भाशयाच्या अस्तराची भीती असते. म्हणून त्यांनी रॅलॉक्सिफेन घेतलं, मूळचं हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं औषध. 2016 मध्ये 56 बायकांवरच्या ट्रायलमध्ये त्याचा उपयोग दिसला, पण इस्रायलच्या वायझर यांच्या टीमने पाळी गेलेल्या, खूप आजारी असलेल्या 200 बायकांवर तेच करून पाहिलं तर काहीच फायदा नाही, उलट प्लासिबोवाल्या बऱ्या. रिसर्च असाच असतो, एक पाऊल पुढे आणि मग कोणीतरी मागून शर्ट ओढतं.

मधल्या काळात बाकीची कामं चालूच. गरोदरपणात अँटीसायकोटिक घेणाऱ्या बायकांचं देशभराचं रजिस्टर, 2005 पासून. आणि पाळी जायच्या काळातलं डिप्रेशन ओळखायला 12 मुद्द्यांची प्रश्नावली, मेनो-डी, कारण त्या वयातलं डिप्रेशन नेहमीसारखं दिसत नाही, तिथे रडण्यापेक्षा चिडचिड आणि विसराळूपणा जास्त, आणि घरचे म्हणतात हिचं हल्ली डोकंच फिरलंय.

परत पट्टीकडे येऊ. कुलकर्णींच्या स्वतःच्या टीमने दाखवलं ते ठीक, पण दुसऱ्या कोणी करून बघायला नको? केलं. याच वायझर यांनी, पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हात, 200 बायकांवर, 200 मायक्रोग्रॅमची पट्टी लावून. 2019 मध्ये निकाल आला, पट्टीचा उपयोग होतो. फक्त तो फायदा मुख्यतः 38 च्या पुढच्या बायकांमध्ये दिसला.

मावशीच्या फाईलच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत वय लिहिलंय. 41.