वीस मिनिटं आणि तेरावं स्तोत्र

बंधुभगिनींनो, रोज प्रार्थना केली की रोज बरं वाटलंच पाहिजे, असं धरून बसलात तर पंधरा दिवसांत प्रार्थना सुटते. फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, प्रेषित पौलाने पत्र लिहिलं ते कैदेतून. देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, असं तो चौथ्या अध्यायात म्हणतो. तिथला मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. दाराशी पहारेकरी बसला म्हणून गल्लीतला गोंगाट थांबत नाही.

वेळ वीस मिनिटं पुरे. जागा रोज एकच ठेवा, आणि बायबल छापील घ्या. मोबाइलवर वाचायला बसलं की तिसऱ्या वचनाला व्हॉट्सअ‍ॅप टपकतंच! आपल्या नागपूरच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, रात्रभर झोप नसते, मग पहाटेचा नेम मोडतो. तेवढे दिवस वेळ रात्रीची करा, पण खाडा नको.

आता बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत. मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिथेच थांबा आणि आपला ‘किती काळ’ घाला: पोराची नोकरी, सासूबाईंचं दुखणं, पतपेढीचा हप्ता. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे. ते नेमकं मागा. ‘सर्वांचं भलं कर’ म्हणून मोकळं होऊ नका. भरवसा येतो तो पाचव्यात. आपण मात्र गाऱ्हाणं गाळून थेट पाचव्यावर उडी घेतो, आणि मग शब्द पोकळ वाटतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शब्द फुटतच नसतील तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी ते इथे नागपुरात राहून गेले होते.

शेवटी प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली. घाईत ती अर्ध्या मिनिटात उरकते. प्रत्येक मागणीनंतर एक श्वास थांबा. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात ही प्रार्थना संपताच येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो: क्षमा. गाडी बहुधा तिथेच अडते. म्हणून ‘आम्हीही सोडलं आहे’ म्हणताना एका माणसाचं नाव मनात आणा. एकच! यादी केली की जुना हिशेब उघडतो. आणि सोडणं म्हणजे झालेला अन्याय नाकारणं नव्हे. मारहाण होत असेल तर आधी त्या घरातून बाहेर पडा.

झोप आणि भूक दोन आठवडे गेलेली असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, आणि हा लूक पौलाबरोबर प्रवासातही होता.