मृत्युपत्रासाठी वकील निवडताना

नमस्कार श्रोतेहो.

मृत्युपत्र, वाटणी, घटस्फोट, मुलांचा ताबा अशा कामांसाठी वकील हवा असला की आपण ओळखीपाळखीत नावं विचारत सुटतो. तशी चौकशी जरूर करावी. पण त्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा : आपलं काय काय आहे आणि ते कुठे कुठे आहे.

कारण घर आणि जमीन जिथे आहे, साधारणपणे तिथलाच वारसा कायदा त्यांना लागतो. बँकेतले पैसे, शेअर, दागिने यांच्या बाबतीत मात्र माणसाचं कायमचं वास्तव्य कुठे होतं हे पुष्कळ देशांत पाहिलं जातं. आणि नियम किती बदलतात पाहा. इंग्लंडमध्ये 1837 च्या कायद्यानुसार लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सहसा रद्द होतं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये होत नाही. भारतात 1925 च्या उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती व्यक्तीचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होतं, हिंदू व्यक्तीचं तसंच टिकतं. फ्रान्समध्ये एकच मूल असेल तर निम्म्या मालमत्तेवरचा त्याचा हक्क मृत्युपत्र करूनही डावलता येत नाही. अमेरिकेत तर वकिलाची सनदसुद्धा राज्यागणिक वेगळी.

म्हणून मी स्थानिक वकिलाचा आग्रह धरते. नावाजलेला वकील दूरच्या शहरात असेल, पण तुमच्या जागेच्या नोंदणी कार्यालयात कोणता कागद अडतो, कोणता दाखला आधी काढून ठेवावा लागतो, हे तिथे रोज उठबस असणाऱ्यालाच माहीत. मालमत्ता दोन ठिकाणी असेल तर दोन्हीकडच्या वकिलांचा सल्ला घ्या आणि त्यांना एकमेकांशी बोलू द्या. नाहीतर नंतर केलेलं मृत्युपत्र पहिल्याला नकळत रद्द करून बसतं. असं खरंच होतं, कारण 'याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात असतंच.

पहिल्या भेटीत वकील तुम्हाला काय विचारतो ते बघा. पहिलं लग्न, दत्तक मूल, विम्यावरचं नामांकन, कर्ज, हे त्याने विचारायलाच हवं. घटस्फोट झालेला असतो आणि विम्याच्या कागदावर आधीच्या जोडीदाराचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते आपोआप बदलेल असं धरून चालू नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वकील नेमका कुणाचा? समजा, मुलगा वृद्ध वडिलांना घेऊन येतो. वकील विचारतो वडिलांना, उत्तरं देतो मुलगा. फीसुद्धा तोच देणार. अशा वेळी चांगला वकील मुलाला नम्रपणे बाहेर बसायला सांगतो, दार लावून घेतो आणि वडिलांशी एकट्याने बोलतो. मुलांनो, याचा राग मानू नका. उद्या भावंडांनी 'दबाव टाकून सही घेतली' असं म्हटलं, तर ही भेटच तुमच्या उपयोगी पडेल. घटस्फोटातही तेच : नवरा-बायकोचं कितीही पटत असलं तरी दोघांना सल्ला देणारा वकील एकच नसावा.

फी किती, कशाकशाची, वरखर्च कुणाचा, हे लेखी घ्या. मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. इंग्लंडमध्ये अशा साक्षीदाराचा हिस्सा सहसा बुडतो. आणि निघताना मूळ प्रत कुठे राहणार हे विचारून घ्या, ती जागा ज्याला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमलंय त्याला सांगून ठेवा.

नमस्कार.