खुर्च्या उचलल्या आणि माणसं थांबली

नमस्कार मंडळी. मागे पुरणपोळ्या गरम आहेत याची मला कल्पना आहे, त्यामुळे आटोपतं घेतो. विषय एकच: मोकळ्या जागेत थोड्या वेळासाठी होणारे आपले छोटे कार्यक्रम, म्हणजे ‘पॉप-अप’.

आपल्यापैकी काही जण भूकंपाच्या आधीपासून इथे, न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये आहेत. २२ फेब्रुवारी २०११ ला १८५ माणसं गेली. मग पाडापाडी सुरू झाली आणि गावाच्या मधोमध नुसते खडीचे प्लॉट उरले. कलाकार होते, बघणारे होते, पण भेटायचं कुठे? रिकाम्या जागा वापरात आणणाऱ्या ‘गॅप फिलर’ या इथल्या संस्थेच्या लोकांनी सप्टेंबर २०१० च्या पहिल्या धक्क्यानंतरच हे काम हातात घेतलं होतं. मालकाशी बोलायचं, रिकामी जागा थोड्या दिवसांसाठी मागायची, त्याला लागली की गुपचूप आवरून द्यायची. तीन हजारांवर लाकडी पॅलेट रचून त्यांनी गाण्याबजावण्यासाठी मंडप उभा केला, तोही स्वयंसेवकांच्या बळावर.

माझा जीव मात्र त्यांच्या ‘डान्स-ओ-मॅट’वर, म्हणजे उघड्यावरच्या नाचाच्या जागेवर. लाँड्रीतलं जुनं, नाणं टाकून चालणारं वॉशिंग मशीन. दोन डॉलर टाकायचे, आपला फोन जोडायचा, की अर्धा तास स्पीकर आणि दिवे आपले. २०१२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि त्यांच्या पत्नी कमिला तिथे नाचून गेले, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला आवडतं ते एवढंच की तिथे स्टेजच नाही. नाचणारा कोण आणि बघणारा कोण, हे दर अर्ध्या तासाने बदलतं.

आता आपली फजिती. पहिल्या वेळी आपण रविवारच्या बाजाराशेजारच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम केला. चाळीस खुर्च्या, ओळीने, सतरंजीसकट! पहिल्या दोन ओळींत आपणच. भाजीच्या पिशव्या घेतलेले लोक कडेने जात होते, जरा बघत होते आणि पुढे सरकत होते. त्यांना वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. त्यात भाड्याचा जनरेटर मी हार्मोनियमच्या मागेच ठेवलेला. भैरवी जनरेटरच्या पट्टीत झाली.

दुसऱ्या वेळी खुर्च्या फक्त आठ, त्याही आजी-आजोबांसाठी, कडेला. जनरेटरला सुट्टी, बॅटरीवरचा एकच स्पीकर. आणि सुरुवात निवेदनाने नाही, लेझीमने. डोंबारी कधी ‘सुस्वागतम्’ म्हणतो का? तो आधी ढोलकं वाजवतो, रिंगण आपोआप होतं. लेझमा मुद्दाम जास्त नेल्या होत्या. एका लहान मुलीने एक उचलली, उलटी धरली, तिचे वडील पिशव्या खाली ठेवून बघत उभे राहिले. पिशव्या खाली ठेवल्या म्हणजे माणूस किमान दहा मिनिटं थांबतो, हा माझा हिशेब. त्या दिवशी भारूड झालं. मग शेजारी गिटार वाजवणाऱ्या गृहस्थांना आपल्या तबल्याने साथ केली. तालीम शून्य, त्यामुळे थोडी गडबड झाली, पण गर्दी हलली नाही. नॉर्वेस्टर, म्हणजे इथला वायव्येचा जोराचा वारा, सुटला आणि गाण्यांचे कागद उडाले, ते पाहुण्यांनीच पळून पळून गोळा केले.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुण्या-मुंबईहून कलाकार आणतो तेव्हा आपण तिकीट, हॉटेल, मानधन सगळं देतो. इथे आपल्याच गल्लीत राहणाऱ्या तबलजीला म्हणतो, ‘अरे, तू तर घरचाच!’ घरच्याचं पेट्रोल फुकट येत नाही. पॉप-अपला हॉलभाडं लागत नाही, ते वाचलेले पैसे वाजवणाऱ्याच्या पाकिटात गेले पाहिजेत. पोहे-चहा वेगळे.

परवानगी आणि विमा ही कंटाळवाणी कामं आहेत, ती मी करतो. मला माणसं हवीत. पुढचा कार्यक्रम वीस-पंचवीस मिनिटांचाच असेल, तुमच्या भागातल्या एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात. तुमच्या ओळखीचं कोणी गाणारं, चित्र काढणारं, मातीकाम करणारं असेल, मराठी नसलं तरी चालेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. आणि दोन लेझमा अजून परत आलेल्या नाहीत. ज्यांच्या डिकीत असतील त्यांनी आणून द्याव्यात.