बॅकअपमधून काय वगळायचं

मंडळी, सोलापुरात मे महिन्यात संगणकाबद्दल बोलायला उभं राहणं म्हणजे धाडसच. बाहेर पारा 42 वर आहे आणि इथले पंखे गरम वारा फिरवतायत. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे टॉवेल-चादरीच्या डिझाइनवाल्यांच्या संगणकात खऱ्या फायली थोड्या आणि कचराच फार. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी स्वतःची प्रत ठेवतं, फोटोंच्या छोट्या प्रतिमा साठवतं, ब्राउझरचा कॅशे तर विचारूच नका. हे सगळं रोज रात्री बॅकअपला गेलं, की डिस्क भरते आणि काम सकाळपर्यंत संपत नाही. म्हणून वगळायचे नियम लिहावे लागतात. मी आरसिंक वापरतो, फायलींच्या प्रती घेणारं सॉफ्टवेअर. 1996 सालचं आहे, पण अजून खणखणीत चालतं.

आता माझी चूक सांगतो. पूर्व भागातल्या एका जकार्ड डिझाइनरकडे, म्हणजे विणीतच येणारी नक्षी काढणाऱ्याकडे, मुख्य फोल्डरमध्ये ‘जुने’ नावाचं फोल्डर होतं. दहा वर्षांचा पसारा, कुणालाच नको असलेला. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत बसून मी नियम लिहिला: ‘जुने/’ वगळ. शेवटचा स्लॅश म्हणजे फक्त फोल्डर, तेवढं मला माहीत होतं. सुरुवातीचा स्लॅश विसरलो.

तो नसला की आरसिंक ते नाव कुठल्याही पातळीवर शोधतं. या गृहस्थांना सवय अशी, की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरात मंजूर झालेली डिझाइन्स ‘जुने’मध्ये सरकवायची. म्हणजे नेमका मालच बाहेर! ‘/जुने/’ लिहिलं असतं, तर फक्त वरचं एक फोल्डर सुटलं असतं. हा पहिला स्लॅश डिस्कच्या मुळाचा नव्हे, बरं का. तो ज्या फोल्डरची प्रत घेताय, तिथून मोजतात. इथे पूर्ण पत्ता लिहिणारे बरेच जण फसतात. नियम चुपचाप निकामी होतो, चूक म्हणून काहीच दिसत नाही. विंडोजच्या रोबोकॉपी या प्रती घेणाऱ्या हुकमातही फोल्डरचं नुसतं नाव दिलं, की ते सगळीकडचं वगळलं जातं.

दुसरं, नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जो जुळेल तोच लागू. आणि फोल्डर वगळलं की आरसिंक आत डोकावतही नाही. एसटी फाटकावरच अडवली, तर आतल्या प्रवाशाच्या खिशात पास असून काय उपयोग? ‘तात्पुरते’मधली एकच फाइल हवी असेल, तर आधी ‘तात्पुरते/फायनल.बीएमपी’ घे असं लिहायचं, मग खाली ‘तात्पुरते/*’ वगळ. फोल्डर उघडं राहतं, आतलं बाकी सगळं सुटतं.

हे डोक्यात बसत नसेल तर ड्राय रन करा. फायलींना हात न लावता काय जाईल याची यादी येते. मी ती केली होती, पण वाचली नव्हती. चार हजार ओळी कोण वाचणार? निदान एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव तरी शोधून बघायचं होतं.

मे महिन्यात डिस्क गेली. त्यांचा फोन आला तेव्हा मी भाकरीचा घास हातात धरून बसलो होतो, तो तसाच राहिला. पण आरसिंकची एक सवय कामी आली. मूळ जागेवरून गेलेल्या फायली बॅकअपमधूनही काढायला सांगितलं, तरी वगळलेल्या गोष्टींना ते हात लावत नाही. त्यासाठी वेगळा हुकूम लागतो आणि तो मी दिला नव्हता. त्यामुळे गड्ड्यापर्यंतची सगळी ‘जुने’ फोल्डरं बॅकअपमध्ये जशीच्या तशी पडून होती. त्यानंतरच्या चार महिन्यांची डिझाइन्स त्यांनी तयार टॉवेल समोर पसरून, धागे मोजत पुन्हा काढली. पंधरा दिवस लागले. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, मोजायला.