सिक्वेल म्हणजे वन्स मोअर

(फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय तोच. रस्त्यावरच्या शर्यतींच्या पिक्चरचा पुढचा भाग आला की प्रेक्षक जे बोलतात ते मला फार मोलाचं वाटतं आणि ते कोणी नीट ऐकून घेत नाही, म्हणून आलोय. बोलणार आहे ‘फास्ट अँड फ्युरिअस’वर. पहिला 2001 चा, दहावा 2023 चा, मागच्या बाकांवरच्या पोरांना सगळे पाठ आहेत आणि पुढे बसलेल्या भाई-काकांनी एखादा तरी नातवाबरोबर टीव्हीवर पाहिलाय, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सिक्वेल म्हणजे वन्स मोअर. आपल्याकडे जत्रेला ‘सौभद्र’ होतं, नाटक 1882 सालचं, सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळणार हे पहिल्या रांगेतल्या पोराला पण ठाऊक, तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात ना? कशासाठी बसतात, तर पद कसं येतं ते ऐकायला. आणि वन्स मोअर दिला की दोन अपेक्षा असतात, मुखडा तोच हवा आणि तान नवी हवी. तीच तान परत घेतली तर लोक चुळबुळतात, मुखडाच बदलला तर चिडतात. मंगेशी इथून किती लांब, मास्टर दीनानाथांचा गाव, त्यामुळे तान म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. तर पिक्चर बघून बाहेर आलेला माणूस पार्किंगमध्ये जे बोलतो ते याच मापाने मोजून बोलतो, त्याला हे शब्द सुचत नसतील एवढंच.

हे मला कळलं माझ्या मावसभावामुळे. त्याचं कुर्टीला गॅरेज आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये सातवा भाग लागला तेव्हा आम्ही दोघं बाइकवरून पणजीला गेलो, संध्याकाळच्या शोला. आता ह्या माणसाबरोबर पिक्चर बघणं म्हणजे दोन पिक्चर बघणं, एक पडद्यावरचा आणि एक कानात. हीरो गियर टाकतो, हा मोजतो. ‘पाच झाले, सहा झाले, आता हा सातवा कुठून काढला रे?’ मग एका गाडीचा आवाज ऐकून म्हणाला, ‘तो आवाज त्या गाडयेचो न्हय.’ पुढच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली, मी त्याचा गुडघा दाबला. इंटरव्हलला समोसा हातात घेऊन मला नायट्रस समजावलं, शर्यतीच्या गाडीत वेगासाठी बाटली लावतात ते. लोकांना वाटतं ती बाटली म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल, तसं नाही, नायट्रस ऑक्साइड स्वतः जळतच नाही, इंजिनातल्या उष्णतेनं तो फुटतो आणि ऑक्सिजन सोडतो, मग जास्त पेट्रोल जाळता येतं. इतकं समजणारा प्रेक्षक! ह्याचं मत कधी कोणी छापलंय का?

नंतर शेवट आला. तुम्हाला माहीत आहे, ह्यातला हीरो पॉल वॉकर शूटिंग अर्धवट असतानाच 30 नोव्हेंबर 2013 ला गेला, तो पण गाडीच्याच अपघातात, आणि राहिलेल्या सीनसाठी त्याचे दोन भाऊ, केलेब आणि कोडी, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि कॉम्प्युटरने त्यांच्यावर त्याचा चेहरा बसवला. शेवटी दोन गाड्या शेजारी शेजारी चालतात, रस्ता फुटतो, पॉलची पांढरी सुप्रा गाडी एकीकडे जाते. आणि नेमकं तिथे, मंडळी, थिएटरवाल्यांनी लाइट लावले! दार उघडलं, झाडूवाला आत आला, लोक उठून मोबाइल बघायला लागले, गाणं अजून चालू होतं. दहा वर्षं होऊन गेली, मला अजून तो लाइट डोळ्यात खुपतो. दोन मिनिटं थांबता आलं नसतं? देवळात आरती चालू असताना कोणी समया विझवतो का? भाऊ उठलाच नाही. रडत होता. आदल्या पावसाळ्यात त्याच्या गॅरेजचा भागीदार बाइकच्या अपघातात गेला होता, त्याबद्दल तो तोवर एक शब्द बोलला नव्हता. परत येताना बाणस्तारीच्या पुलावर त्याने बाइक चाळीसच्या वर नेली नाही, आणि मी पण काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कॉलेजची पोरं जमली होती. एक म्हणाला, लॉजिकच नाही, अबू धाबीत ह्या टॉवरमधून त्या टॉवरमध्ये गाडी उडते, काहीतरीच. भाऊ चाकाचे नट आवळत होता, तिथूनच म्हणाला, ‘ब्रेक नाहीत हे आधी सांगितलं ना त्याने? मग उडू दे.’

हे वाक्य मी धरून ठेवलंय. उडी केवढी पण असू दे, कारण दाखवलं की प्रेक्षक मान्य करतो. आता सहावा भाग, 2013 चा. त्यात विमान धावपट्टीवर धावतंय, धावतंय, दहा मिनिटांच्या वर धावतंय. ताशी 200 धरा, दहा मिनिटांत 33 किलोमीटर. आपल्या मोपाची धावपट्टी साडेतीन किलोमीटर, म्हणजे ते विमान मोपाहून उडालंच नाही, रस्त्याने पणजीच्या तोंडाशी आलं! तिथे कारण नव्हतं म्हणून जगभर लोक धावपट्टी मोजत बसले. ते चिडून मोजत नव्हते, ज्याला आवडतं तोच मोजतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आरतीची वेळ झाली म्हणताहेत. बरं, मग मुद्दे भराभर सांगतो, खरं तर हेच सांगायला आलो होतो.

2003 चा दुसरा भाग. पॉलच्या जोडीचा व्हिन डिझेल नाही, गाव बदलून मायामी, लोक म्हणाले जोडी फोडली. बरोबरच म्हणाले, पण सुरुवातीची रात्रीची शर्यत आणि उघडणाऱ्या पुलावरून उडी आजही लोक परत लावून बघतात, कारण मुखडा, म्हणजे रस्त्यावरची शर्यत, शाबूत होता. 2006 चा टोकियोवाला, माणसंच सगळी नवी, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली आणि आज गाडीवेडी पोरं त्यालाच डोक्यावर घेतात, कारण तिथे ड्रिफ्टिंग, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवत नेणं, ही नवी तान होती, आणि ती शिकवायला जपानचा ड्रिफ्ट किंग केइची त्सुचिया स्वतः होता, मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्याच्या छोट्या भूमिकेत दिसतो पण. 2011 चा पाचवा, रिओत तिजोरी ओढत नेतात, तान जबरदस्त, पण पोर्शसाठी शर्यत लावतात आणि ती शर्यत दाखवतच नाहीत, थेट जिंकलेली गाडी घेऊन परत! मुखडा गिळला. ‘रस्ता सुटला’ ही लोकांची तक्रार माझ्या मते तिथून सुरू झाली, आणि नवव्यात गाडी अंतराळात गेली तेव्हा रस्ता उरलाच नव्हता.

आणि प्रेक्षकाच्या बोलण्याने काय होतं म्हणणाऱ्यांना हॅनचं सांगतो. टोकियोवाल्यात हॅन मेला, लोकांचा लाडका गाडीवाला. त्याला मारणारा शॉ, हे सहाव्याच्या शेवटी कळलं. आणि आठव्यात, 2017 ला, तोच शॉ हीरोच्या घरच्या पंगतीला! लोक खवळले, ‘जस्टिस फॉर हॅन’ म्हणत राहिले, वर्षानुवर्षं, आणि 2021 ला नवव्यात हॅन जिवंत परत आला. टोकियोवाल्याचाच दिग्दर्शक जस्टिन लिन, त्यालाच परत आणावा लागला. मी आणि भाऊ बघायला गेलो होतो. हॅन दारात दिसला आणि भाऊ तसाच अंधारात ओरडला, वन्स मोअर!

घंटा झाली. चला, आधी आरतीला जाऊया, प्रश्न नंतर घेतो.