पाचांमागे एक

(दृश्य: जिल्हा रुग्णालय, पुरुषांचा वॉर्ड, रात्री 8)

पाळी बदलतेय. टेबलावर रिपोर्ट बुक उघडं आहे. बेड 7, सलाईन चालू, दुसरी बाटली 10 वाजता. बेड 12, उद्या ऑपरेशन, मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. बेड 19, ताप, दर 4 तासांनी बघायचा. सांगणाऱ्या दोघी, ऐकणारी एकटी. आज तिची नाईट. खाटा भरल्या म्हणून दोन पेशंट खाली गादीवर आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा: मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका, इतरत्र 5 रुग्णांमागे 1. सरकारी वॉर्डात हे गणित दिवसाही बसत नाही, रात्रीचं तर विचारूच नका.

मुली शिकत नाहीत असं नाही. एकेकाळी पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांच्या संस्थेने मुलींना नर्सिंगसाठी ससून रुग्णालयात धाडलं, तेव्हा लोक नाकं मुरडत. आज आईबाप कर्ज काढून फी भरतात.

(दृश्य: नर्सिंग कॉलेज, प्रात्यक्षिक)

बारावीनंतर एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचं शिक्षण, 2 वर्षांचं; जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसविकेचं, 3 वर्षांचं. दोन्हीला आर्ट्सही चालतं. सायन्सवाल्यांना 4 वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. मुलगेही येतात, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात. इथे शिकवताहेत, पेशंट खाटेवरच असताना खालची चादर कशी बदलायची. त्याला कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीमागे गुंडाळत न्यायची, तिच्या मागोमाग नवी पसरायची. सोपं वाटतं. प्लास्टर घातलेल्या माणसावर करून बघा!

अडतं ते पास झाल्यावर. सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होतं, पण जागा रिकाम्या असल्या तरी जाहिरात लवकर निघत नाही. तोवर कंत्राट. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्या बाहेरच्या एजन्सीकडून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्धच. छोट्या खासगी दवाखान्यांची तऱ्हा वेगळी: पांढरा कोट चढवला की कुणीही सिस्टर.

मग काहीजणी नॉरसेटची, म्हणजे केंद्राच्या एम्स रुग्णालयांतल्या नर्सभरतीच्या परीक्षेची, तयारी करतात. तिथे मूळ वेतन 44,900. काही जर्मनच्या क्लासला जातात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे नोंदणीसाठी बहुतेक ठिकाणी बी-टू पातळीचं, म्हणजे कामकाज सहज चालवता येईल इतकं, जर्मन लागतं. जाणारीला नावं कोण ठेवणार? इथल्या हॉस्टेलात शेवटच्या वर्षाच्या मुली रात्री जेवण झाल्यावर क्रियापदं घोकत बसतात.